काजूच्या झाडाचा डिंक छातीतल्या जळजळीवर चालेल का?

कातळावरची_बाग (धागालेखिका)

आमच्या घरी सध्या सकाळ-संध्याकाळ एकच विषय असतो, तो म्हणजे अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, छातीतली जळजळ. त्यांचे वय ७१ आहे. गेली चार वर्षे जेवण झाले की छातीत आग होते, आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येते आणि पहाटे करपट ढेकरांनी झोप मोडते. मागच्या महिन्यात दुर्बिणीची तपासणी करून घेतली. तिच्यात ना व्रण दिसला, ना ओरखडा. अहवालात 'अन्ननलिका सामान्य' एवढेच लिहिलेले होते. ते वाचून अण्णांना आनंद व्हायला हवा होता, पण ते दुखावले, कारण 'सामान्य' या शब्दाचा अर्थ त्यांनी 'हा माणूस ढोंग करतो' असा घेतला. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी चालू आहे. तिच्यामुळे आंबट पाणी बरेच कमी झाले, आग मात्र निम्मीच गेली.

अशातच काजूच्या झाडाचा डिंक अन्ननलिकेच्या अस्तरावर लेप धरतो आणि आम्लापासून तिचे रक्षण करतो, असे एके ठिकाणी वाचनात आले. आमच्या बागेत वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची साठेक झाडे आहेत आणि त्यांतल्या काहींच्या बुंध्याशी सुपारीएवढे, तांबूस, उन्हात काचेसारखे चमकणारे डिंकाचे गोळे आपोआप आलेले आहेत. अण्णांनी त्यांतला एक खरवडून आणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आहे आणि रोज तो माझ्याकडे आशेने पाहतो, म्हणजे अण्णा पाहतात.

माझे प्रश्न दोन आहेत. झाडांच्या डिंकांनी आम्लामुळे होणाऱ्या इजेपासून खरोखर संरक्षण मिळते का? आणि मिळत असेल, तर हा ओट्यावरचा गोळा पाण्यात विरघळवून दिला तर चालेल का?

लाडूसंप्रदायी

माझ्या माहेरी दर थंडीत दोन डबे डिंकाचे लाडू होत असत. ते खाऊन कोणाची जळजळ थांबल्याचे मी कधी ऐकले नाही. वाढल्याचे मात्र दरवर्षी ऐकले आणि दोष दरवर्षी खारकांना दिला गेला.

परीक्षानळी

कातळावरची_बाग, आपण वाचलेली बातमी खरी आहे, फक्त तिचा मथळा तिच्याहून मोठा आहे. थोडे सविस्तर लिहितो.

जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा जाड थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट असते, म्हणून जठराला स्वतःचेच आम्ल सोसते. अन्ननलिकेला असे चिलखत जवळजवळ नसतेच. तिचे अस्तर आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखे, चपट्या पेशींच्या थरावर थर रचून झालेले असते, आणि तिचा सगळा बचाव लाळेवर, गिळताना खाली सरकणाऱ्या लाटेवर आणि पेशींमधल्या घट्ट सांध्यांवर अवलंबून असतो. ज्या रुग्णांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीतून काहीच जखम दिसत नाही, त्यांच्यापैकी अनेकांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमधल्या फटी रुंदावलेल्या आढळतात. त्या फटींतून आम्ल आत झिरपते आणि तिथल्या मज्जातंतूंना डिवचते. भिंत बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून ओल धरते, तसा हा प्रकार आहे. अण्णांना एवढे अवश्य सांगावे की छातीत जळजळ होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांची दुर्बीण तपासणी अशीच 'सामान्य' येते.

आता डिंकाकडे वळू. ब्राझीलमधल्या सिअरा राज्यातील संघीय विद्यापीठ आणि लंडनचे क्वीन मेरी विद्यापीठ येथील संशोधकांनी काजूच्या डिंकावर केलेले काम २०१९ साली 'कार्बोहायड्रेट पॉलिमर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. व्रण नसलेल्या रुग्णांच्या अन्ननलिकेचे, मसुरीच्या दाण्याहून लहान तुकडे त्यांनी युसिंग कक्षात बसवले. हा कक्ष डेन्मार्कच्या हान्स युसिंग यांनी मुळात बेडकाच्या कातडीवर प्रयोग करण्यासाठी तयार केला होता. दोन कप्प्यांच्या मधोमध ऊतीचा तुकडा पडद्यासारखा ताणून बसवायचा, दोन्ही बाजूंना द्राव भरायचा आणि तुकड्यातून वीज जायला किती विरोध होतो ते मोजायचे. अस्तर धड असेल तर विरोध जास्त असतो. आम्ल, पेप्सिन (जठरातला प्रथिने पचवणारा रस) आणि पित्तक्षार यांचे मिश्रण ओतले की सांधे सैल होतात आणि विरोध खाली येतो. ज्या तुकड्यांवर आधी काजूच्या डिंकाचा द्राव पसरला होता, त्यांत ही घसरण रोखली गेली. डिंकाला चकाकणारा रंग जोडून पाहिले, तेव्हा तो सुमारे तासभर पृष्ठभागावर टिकलेला दिसला.

मात्र तो तास काचपात्रातला आहे. तिथे कोणी लाळ गिळत नव्हते, ताक पीत नव्हते आणि ढेकरही देत नव्हते. शिवाय त्यांनी वापरलेला डिंक झाडावरून काढून तसाच घातलेला नव्हता. तो पाण्यात विरघळवून, गाळून, अल्कोहोलमध्ये साका करून शुद्ध केलेला होता. ओट्यावरचा गोळा त्या डिंकाचा गावाकडचा भाऊ आहे, इतकेच म्हणता येईल.

रोठ्याने_त्रस्त

परीक्षानळी यांनी औषधाचे सांगितले. मी झाडाचे सांगतो, कारण मूळ लेखातला 'आपोआप' हा शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला.

काजूच्या बुंध्याशी, जमिनीलगत, तांबूस डिंक आपोआप येऊ लागला तर तो झाडाचा प्रसाद समजू नका. तो बहुधा रोठ्याचा, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किड्याचा, निरोप असतो. डिंकाच्या गोळ्याजवळ लाकडाच्या भुशासारखा लालसर-तपकिरी चोथा दिसतो का, ते आजच पाहा. दिसला तर सालीखाली अळ्या बोगदे पाडत आहेत आणि झाड जखमेवर डिंक ओतत आहे. पुढे पाने पिवळी पडतात, शेंडे वाळतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत भरल्या अंगाचे झाड उभेच्या उभे मरते. पोखरलेली साल धारदार पटाशीने तासून, बोगद्यात तारेचा आकडा घालून अळी बाहेर ओढावी लागते. त्यानंतर काय लावायचे ते कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे करावे. माझी अकरा झाडे या आजाराने गेली, कारण मीही पहिले वर्षभर त्या डिंकाकडे कौतुकानेच पाहत होतो.

थोडक्यात, ओट्यावरच्या गोळ्यात अळीची विष्ठा असण्याचीही दाट शक्यता आहे. अण्णांच्या चहाच्या वेळी हे सांगू नये.

लाडूसंप्रदायी

अण्णांच्या अस्तराला झाडाचा डिंक हवा आणि झाडाच्या अस्तराला अळी लागलेली. दुखणे एकच आहे, रुग्ण दोन आहेत.

स्पष्ट_सांगतो

माझे मत सरळ आहे. १९८८ साली ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध बाजारात आले आणि आम्लामुळे होणाऱ्या आजारांचे चित्रच पालटले. तत्पूर्वी व्रणासाठी लोकांची पोटे फाडावी लागत होती. इतके प्रभावी औषध हाती असताना काचपात्रातल्या तासाभराच्या यशावर लोकांना झाडे खरवडायला लावणे मला पटत नाही. 'नैसर्गिक' हे विशेषण लावले की आपल्याकडे पुराव्याची भूक लगेच मरते. काजूच्या टरफलातले तेलही नैसर्गिकच असते. ते बोटाला लागले तर कातडी सोलून निघते, हे कोकणातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

परीक्षानळी

स्पष्ट_सांगतो, आपल्या अर्ध्या म्हणण्याशी मी सहमत आहे. अन्ननलिकेला खरोखर व्रण पडलेले असतील, तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांना आज पर्याय नाही आणि डिंकाच्या भरवशावर त्या बंद करणे हा मूर्खपणा ठरेल. परंतु या गोळ्या आम्ल कमी करतात, उलट वर येणे थांबवत नाहीत. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधली झडप सैल असेल तर जठरातला ऐवज वर येतच राहतो, फक्त तो कमी आंबट असतो. त्यातले पेप्सिन आणि पित्त तसेच राहते. म्हणून गोळी नियमित घेऊनही जळजळ उरणाऱ्यांची संख्या लहान नाही, आणि लेप धरणाऱ्या पदार्थांचा विचार सुरू झाला तो याच उरलेल्या लोकांसाठी.

शिवाय हा विचार काजूपासून सुरू झालेला नाही. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट १८८१ साली स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने शोधले आणि त्याचे पातळ औषध कित्येक दशके जगभर विकले जाते. जठरातल्या आम्लाशी गाठ पडताच अल्जिनेटचा मऊ जेल होतो, सोबतच्या बायकार्बोनेटमधून सुटलेले बुडबुडे त्यात अडकतात आणि तो तराफ्यासारखा अन्नावर तरंगू लागतो. जेवणानंतर जठराच्या वरच्या टोकाला, झडपेच्या अगदी खाली, ताज्या आम्लाचे तळे साचते; नेमके त्या तळ्यावर हे झाकण बसते. लंडनच्या त्याच गटाने आधी अल्जिनेटवर याच पद्धतीचा प्रयोग केला होता आणि तिथेही लेप तासभर टिकल्याचे दिसले होते. काजूचा डिंक त्या वाटेवरचा पुढचा प्रवासी आहे. अल्जिनेट माणसांवर तपासले गेले आहे, काजूचा डिंक अजून त्या टप्प्यावर पोचायचा आहे. हा फरक मात्र मोठा आहे.

मांडवीकाठचा

एक छोटीशी भर घालतो. काजू मुळात ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याचा आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला. आपला 'काजू' हा शब्दही तिथल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे. चारशेहून अधिक वर्षे आपण त्याचा गर खाल्ला, बोंडूची फेणी काढली आणि फेणीने छातीत जी आग होते तीही निमूटपणे सोसली. त्या आगीवरचा उतारा त्याच झाडाच्या सालीत शोधायचे मात्र ब्राझीलवाल्यांनाच सुचले.

लेस्टरची_आजी

अल्जिनेटचा विषय निघाला म्हणून अनुभव लिहिते. इकडे इंग्लंडमध्ये ते औषध वाणसामानाच्या दुकानातही मिळते आणि माझ्या सुनेला गरोदरपणात डॉक्टरांनी तेच सुचवले होते, कारण ते रक्तात फारसे शोषले जात नाही आणि आपले काम पोटातच उरकते.

नातीच्या वेळी मला आणखी एक डिंक भेटला. ती दोन महिन्यांची असताना प्रत्येक दुधानंतर उलटून टाकत असे. बालरोगतज्ज्ञांनी डबाबंद घट्ट दूध दिले. डब्यावरचा मजकूर चष्मा लावून वाचला, तेव्हा त्यात कॅरब नावाच्या भूमध्य समुद्राकाठच्या झाडाच्या बियांचा डिंक असल्याचे कळले. दुधाला त्याने दाटपणा येतो आणि ते सहजी वर येत नाही. उलट्या निश्चितच कमी झाल्या. मात्र डॉक्टरांनी तेव्हाच बजावले होते की घट्ट करणारी कोणतीही पूड घरच्या घरी बाळाच्या दुधात मिसळायची नाही. पुढे कळले की जीवाणूंपासून बनवलेल्या झँथन डिंकाच्या अशाच एका उत्पादनाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली इशारा दिला होता आणि ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना ते देऊ नये असे सांगितले होते. कारण काही बाळांच्या आतड्यांना गंभीर इजा झाली होती. तेव्हा धाग्यावरच्या तरुण आयांनी माझी पहिली गोष्ट वाचून दुसरी विसरू नये.

गोळ्यांचे_दुकान

मी औषधविक्रेता आहे आणि दुकानाच्या फळीमागून दिसणारे दोन धोके सांगणे माझे कर्तव्य समजतो.

पहिला धोका डिंक कोरडा गिळण्याचा आहे. डिंकाचा जो गुण आपल्याला हवा आहे, म्हणजे पाणी शोषून फुगणे आणि चिकटून बसणे, तोच गुण चुकीच्या जागी जीवावर बेतू शकतो. अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी गवारीच्या डिंकाच्या गोळ्या विकल्या जात होत्या. त्या अन्ननलिकेतच फुगून बसल्याच्या आणि आतड्यात अडकल्याच्या २६ घटनांचा आढावा १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांची अन्ननलिका मुळातच अरुंद झालेली होती, त्यांना धोका अधिक होता. आणि वर्षानुवर्षे आम्ल सोसलेली अन्ननलिका अरुंद होऊ शकते, हे इथल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. ईसबगोलचा चमचा तोंडात कोरडा टाकून वरून घोटभर पाणी पिणारी माणसे मी रोज पाहतो आणि रोज ओरडतो.

दुसरी गोष्ट वेळेची. डिंकाचा लेप आम्लाला अडवतो तसा इतर औषधांनाही अडकवू शकतो, म्हणून थायरॉइडची किंवा इतर नेहमीची औषधे आणि असे पदार्थ यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. अल्जिनेटच्या औषधात सोडियमही बऱ्यापैकी असते. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली तोंडाला लावू नये.

सातपुड्याचा_पांथस्थ

चिकटून बसण्याचा विषय निघाला आहे, तर कांडोळाच्या डिंकाचा उल्लेख व्हायलाच हवा. या झाडाला काही भागांत कढई म्हणतात आणि उन्हाळ्यात त्याचे पानगळ झालेले पांढरे खोड चांदण्यात भुतासारखे दिसते. आदिवासी बांधव सालीवर खाच पाडतात आणि काही दिवसांत तिथे डिंकाचे फुगीर, ओबडधोबड गोळे जमतात. हा डिंक पोत्यात भरून ठेवला आणि काही दिवसांनी पोत्याचे तोंड उघडले की सिरक्याचा भपकारा येतो, कारण त्याच्या रेणूला जोडलेले ॲसेटिक आम्ल हळूहळू सुटत राहते. बाभळीचा डिंक पाण्यात मुकाट विरघळतो; हा विरघळत नाही, फुगतो.

सांगायचे कारण असे की ओल्या त्वचेला आणि श्लेष्मल अस्तराला चिकटण्याचे काम हा डिंक कित्येक वर्षे बिनबोभाट करत आला आहे. दातांची कवळी टाळूला धरून ठेवणाऱ्या भुकटीत तो असे आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी बसवावी लागते तिच्या कड्यांतही तो वापरला जाई, कारण त्याने भोवतालची कातडी पाझरणाऱ्या स्रावांपासून वाचते. डिंकाच्या लेपाने इजा टळते ही कल्पना त्यामुळे मला हवेतली वाटत नाही. ओल्या जागेवर लेप धरणे या पदार्थांना जमते, हे सिद्धच आहे. प्रश्न आहे तो अन्ननलिकेसारख्या सतत घसरगुंडी असलेल्या जागी ते किती वेळ जमते, एवढाच.

नवी_सदस्या_नागपूर

बाजारात गोंद कतीरा म्हणून मिळतो, तो हाच का? उन्हाळ्यात आम्ही सरबतात घालतो आणि त्याने छातीला थंड वाटते, म्हणून विचारले.

सातपुड्याचा_पांथस्थ

ताई, खरा कतीरा इराणकडच्या काटेरी झुडपाचा असतो. आपल्याकडे त्या नावाखाली पुष्कळदा कांडोळाचा डिंकच विकला जातो. दोन्ही फुगतात, दोन्ही गिळगिळीत होतात. रात्रभर भरपूर पाण्यात भिजवून घेत असाल, तर काळजीचे कारण नाही. थंड वाटण्यात सरबतातल्या बर्फाचाही वाटा असावा.

निर्यास_अभ्यासक

आयुर्वेदाचा पदवीधर म्हणून थोडी भर घालतो आणि थोडी निराशाही करतो. आपल्या ग्रंथांत झाडाच्या डिंकाला 'निर्यास' म्हणतात आणि आम्लपित्त या व्याधीचे स्वतंत्र वर्णन माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात आलेले आहे. त्यामुळे 'आम्लपित्तावर निर्यास' असे समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु काटेसावरीचा निर्यास, ज्याला आपण मोचरस म्हणतो, तो प्रामुख्याने अतिसारात आणि रक्तस्राव थांबवण्यासाठी सांगितला आहे, कारण तो स्तंभन करणारा, म्हणजे स्राव रोखून धरणारा, आहे. काजूच्या निर्यासाचा उल्लेख प्राचीन ग्रंथांत शोधणे तर व्यर्थच आहे, कारण वर मांडवीकाठचा यांनी सांगितल्याप्रमाणे ते झाडच तेव्हा इथे नव्हते. 'पाच हजार वर्षांपूर्वीचा काजूचा उपाय' असे कोणी विकत असेल, तर विकत घेऊ नये.

डिंकाच्या लाडवांबद्दल लाडूसंप्रदायी यांनी विनोदाने लिहिले, पण त्यात तथ्य आहे. लाडवात डिंक तुपात तळून फुलवलेला असतो. त्याच्या लाह्या होतात, त्या खोबरे, खारीक आणि गुळात मिसळतात. अशा डिंकाचा पाण्यातला पातळ लेप होऊन अन्ननलिकेला लागण्याची वेळच येत नाही. उलट तूप-खोबऱ्याने जठर रिकामे व्हायला उशीर लागतो आणि झडप सैल पडायला मदत होते. बाळंतिणीला किंवा कष्टाचे काम करणाऱ्याला तो लाडू उत्तम; अण्णांना रात्री जेवणावर तो देणे म्हणजे आगीत तूप ओतणे, आणि इथे हा वाक्प्रचार मी शब्दशः वापरतो आहे.

स्पष्ट_सांगतो

निर्यास_अभ्यासक, आपण माझ्या बाजूचे निघाल, असे वाटले नव्हते.

निर्यास_अभ्यासक

बाजू पुराव्याची आहे. आपण तिथे आधी पोचला होता, एवढेच.

घोंगडीवाला

माझा विषय थोडा बाजूचा आहे, पण डिंकाचाच आहे. आमच्याकडे घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, फोलपटे काढून, भिजवून दळतात आणि शिजवून खळ करतात. ती ब्रशाने घोंगडीला चोळली की लोकर कडक, दाट आणि पाणी न शिरणारी होते. त्या खळीतला मुख्य पदार्थ म्हणजे झायलोग्लुकन. तोच शुद्ध करून आता डोळ्यांत घालायच्या थेंबांत आणि जुलाबावरच्या औषधांत अस्तराचे रक्षण करण्यासाठी वापरतात. माझ्या आजोबांनी जन्मभर हेच केले: धाग्यांच्या फटी बुजवल्या. परीक्षानळी यांचे पेशींमधल्या फटींचे वर्णन वाचताना मला सारखी घोंगडीच डोळ्यांपुढे दिसत होती.

परीक्षानळी

घोंगडीवाला, अस्तराला खळ देणे ही उपमा मी यापुढे आपले नाव घेऊन वापरणार आहे. फरक एकच सांगतो: घोंगडीची खळ धाग्यांत मुरते, हे लेप मात्र वरवरच बसतात आणि पेशींच्या फटी स्वतः बुजवत नाहीत. पहारेकरी दारात उभा राहतो आणि तोवर घरातल्यांनी भिंत लिंपायची, अशी ती विभागणी आहे.

रात्रपाळीची_डॉक्टर

उशिरा लिहिते आहे. वरची चर्चा समंजस आहे, तरी दोन गोष्टी सुटल्या आहेत.

गिळताना अन्न अडकणे, कारण नसताना वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, यांपैकी काहीही असेल तर डिंक, सिरप, धागा सगळे बाजूला ठेवून तत्काळ तपासणी करावी. छातीतली आग प्रत्येक वेळी पित्ताचीच असते असेही नाही; चालताना किंवा जिना चढताना ती होत असेल आणि हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, तर आधी हृदय तपासावे. सत्तरीतल्या माणसाबाबत हे मी दोनदा सांगते. वर्षानुवर्षे आम्ल वर येत राहिले तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते. नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बदलाचे पुढे क्वचित कर्करोगात रूपांतर होते. अण्णांची तपासणी झाली आहे आणि तसे काही आढळलेले नाही, ही खरोखर चांगली बातमी आहे.

दुसरे म्हणजे, लेपाने काम करायला त्याला जागेवर राहू द्यावे लागते. आम्ही अल्जिनेट जेवणानंतर आणि झोपताना घ्यायला सांगतो, आणि त्यावर पाणी पिऊ नका म्हणतो. रुग्ण नेमके त्यावर पेलाभर पाणी पितात, कारण चव आवडत नाही. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी संपवावे, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच करावी (उशा वाढवू नयेत, त्याने पोट दुमडते आणि दाब वाढतो) आणि डाव्या कुशीवर झोपावे. यांतले काहीही झाडावर उगवत नाही, त्यामुळे त्याच्या बातम्या होत नाहीत.

कडूबोरे

सुदानहून येणारा बाभूळवर्गी झाडाचा डिंक कोलाच्या पेयांत स्वाद मिसळून राहावा म्हणून घालतात, असे वाचले आहे. म्हणजे एकाच बाटलीत आम्लही आणि डिंकही. मग कोला पिऊन जळजळ का होते?

गोळ्यांचे_दुकान

कारण त्यात डिंक चिमूटभर असतो आणि बाकी सगळे बाटलीभर.

कातळावरची_बाग (धागालेखिका)

तीन आठवड्यांनी परत आले आहे; सर्वांचे मनापासून आभार. काय काय झाले ते क्रमाने लिहिते.

परीक्षानळी आणि रोठ्याने_त्रस्त या दोघांचे वाचूनही अण्णांचे समाधान होईना, म्हणून ओट्यावरचा गोळा त्यांच्यासमोरच कुटला आणि स्टीलच्या वाटीत पाणी घालून रात्रभर ठेवला. सकाळी वरचे पाणी फिक्या चहासारखे झाले होते, मधोमध न विरघळलेला जेलीसारखा लगदा होता आणि तळाशी सालीचे कपचे व भुशाचा तांबडा थर बसला होता. मी ते मलमलच्या फडक्यातून गाळले. फडक्यात राहिलेले पाहून अण्णांनी स्वतःच वाटी दूर सारली. गाळलेल्या पाण्याचा मात्र फुकट नाश होऊ द्यायचा नाही म्हणून त्यांनी ते आटवले आणि आगळाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्या पक्क्या बसल्या आहेत. लेप धरण्याचा गुण आमच्या घरापुरता सिद्ध झाला, असे म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर डॉक्टरांना विचारून अल्जिनेटचे सिरप सुरू केले. रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे त्यांनी मात्रा बेताची ठेवली आहे आणि सकाळची गोळी चालूच आहे. खाटेखाली दोन-दोन विटा ठेवल्या. पहिल्या दोन रात्री अण्णा खाली घसरत असल्याची तक्रार करत होते, आता करत नाहीत. रात्रीचे जेवण साडेसातला होते. पहाटेचे ढेकर जवळजवळ थांबले. जेवणानंतरची आग आठवड्यातून एकदोनदा होते, आणि त्यातली एकदा तरी गावजेवणानंतरची असते. यातले श्रेय सिरपचे किती, विटांचे किती आणि साडेसातच्या जेवणाचे किती, हे मला सांगता येणार नाही. अण्णा सगळे श्रेय विटांना देतात, कारण त्या त्यांनी स्वतः आणल्या.

परीक्षानळींनी समजावलेला 'सामान्य' या शब्दाचा अर्थ मी त्यांना घोंगडीच्या उदाहरणासह वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना 'माझ्या आतली वीण सैल झाली आहे' असे सांगताना मी ऐकले.

रोठ्याने_त्रस्त

अण्णांचे वाचून बरे वाटले. पण झाडांचे काय केलेत? भुसा होता का?

कातळावरची_बाग (धागालेखिका)

होता. पाच झाडांना होता. अण्णा स्वतः पटाशी आणि तारेचा आकडा घेऊन बसले होते. साल तासून सात अळ्या काढल्या आणि विद्यापीठाने सांगितलेला उपचार केला. एका झाडाचा बुंधा सभोवार पोखरलेला आहे, ते वाचेल असे वाटत नाही. उरलेल्या चारांवर ताजा डिंक येतो का, ते अण्णा आता रोज सकाळी जाऊन पाहतात, आणि नाही आला की खूश होऊन परततात.